राखणीचा लॅपटॉप

आमच्या ज्युनिअर कॉलेजात लॅपटॉप आले त्या दिवशी मंडप होता, पेढे होते, आणि भाषणं तर विचारू नका. कुरकुंभच्या वसाहतीतल्या एका कंपनीने सायन्सच्या प्रत्येक पोराला स्वतंत्र लॅपटॉप द्यायचं ठरवलं होतं. दोघांत एक नाही, लॅबमध्ये कुलपात नाही. ज्याचा त्याला, घरी न्यायचा, रोज दप्तरातून आणायचा. मी फिजिक्स शिकवतो. दौंडहून मोटरसायकलने ये-जा करतो आणि फोटोसाठी भरवलेल्या कार्यक्रमांत माझं डोकं फिरतं, हे सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. म्हणून मला पालकांना बसवायचं काम दिलं होतं, व्यासपीठापासून लांब. तिथेच मला मल्हारी आबा पहिल्यांदा भेटले.

खुर्च्या रिकाम्या असताना ते मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. मी म्हणालो, "आबा, बसा की." ते म्हणाले, "बसल्यावर दिसत न्हाई. उभं ऱ्हायलं की समदी नदरंत ऱ्हात्यात." आयुष्य मेंढरांमागे गेलेल्या माणसाला माणसांची गर्दीही बसून बघवत नाही, हे मला तेव्हा कुठे कळायला!

त्यांच्या मुलीचं, प्रतिभाचं नाव पुकारलं गेलं. पालकांनी सही करायची होती. कंपनीतर्फे सत्यजीत नावाचा तरुण आला होता, चांगला शिकलेला, गोड बोलणारा आणि कायम घाईत असलेला. त्याने अंगठ्याचं पॅड पुढे केलं. आबांनी हात मागेच ठेवला.

"हे आमचं झालं का?"

"नाही काका. वापरायला तुमचं, मालकी कंपनीची. बारावी झाली की परत करायचा."

"म्हंजी राखणीला दिलं."

"हां, तसंच समजा," सत्यजीत म्हणाला आणि पुढच्या नावाकडे बघू लागला.

आबांनी लॅपटॉप दोन्ही हातांत घेऊन उलटा केला. "खूण कुठंय?"

लॅपटॉपच्या पोटाला कॉलेजच्या नावाचा आणि नंबराचा स्टिकर होता. मी तो दाखवला. आबांनी त्यावरून बोट फिरवलं, मान हलवली आणि मगच अंगठा दिला. मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. प्रतिभाने मान खाली घातली. मला मात्र हा माणूस आवडला. एवढ्या सगळ्या लोकांत, आपण नेमकं काय घेतोय हे विचारणारा तो एकटाच होता.

पुढे आमची ओळख वाढली. गाव घोडनदीच्या काठचं, इनामगावच्या अलीकडचं, आणि आबांची वस्ती कॉलेजपासून थोडी पुढे, नदीच्या अंगाला. त्यांच्या बायकोच्या, अनसाबाईंच्या, हातचा चहा पिता पिता मला आबांचं आयुष्य तुकड्या-तुकड्यांनी कळलं. जन्म वाटेवरचा, कुठल्या गावच्या शिवारात, ते त्यांच्या आईलाही नीट सांगता येत नसे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या आधी परत यायचं, हे वयाच्या चाळिशीपर्यंत चाललं. अनसाबाईंची लेकरं जगत नव्हती. दोन वाटेतच गेली. एक ताप येऊन, एक जन्मताच. प्रतिभा पोटात राहिली तेव्हा आबांनी मेंढरांची सगळी खांड विकून टाकली, नदीकाठच्या वाट्याच्या जमिनीत घर बांधलं आणि म्हणाले, हे लेकरू एका जागी वाढवायचं. भाऊबंदांनी वेड्यात काढलं. धनगर तो, मेंढरं विकून कांदे लावतो! आबांनी चार-पाच मेंढ्या तेवढ्या ठेवल्या, मन रमावं म्हणून.

"पोरगी जगली, शाळंत गेली," ते एकदा म्हणाले, "आता ती शिकल तवर शिकवायची. आमच्या समद्या वाड्यात पुस्तक वाचणारं कोण झालं न्हाई. ही पयली." अनसाबाई चुलीपाशी हसल्या. आबांची बहीण रंगुबाई दौंडच्या पलीकडे दिलेली. तिच्या मुलासाठी ती दोन वर्षं प्रतिभाला मागणी घालत होती आणि आबा प्रत्येक वेळी एकच सांगत, "आधी बारावी. मग फुडलं शिक्षण. मग बगू."

आणि त्या चहावरच मला कानाची गोष्ट कळली. धनगर वाटेला लागतो तेव्हा स्वतःच्या मेंढरांबरोबर इतरांचीही राखणीला घेतो, ती मालकाची अमानत. प्रत्येकाच्या कानाला ज्याची त्याची खूण केलेली असते. वाटेत एखादं मेलं, तर मालक काही बघायला येत नाही. विकून खाल्लं आणि मेलं म्हणून सांगितलं, तर त्याला काय कळणार? म्हणून त्यांच्यात रीत अशी की मेलेल्या मेंढराचा खुणेचा कान कापून घ्यायचा, वाळवून जपायचा आणि परत आल्यावर मालकापुढे ठेवायचा. धड तिथेच पुरायचं.

"आणि मालक काय म्हणतो?" मी विचारलं.

"काय म्हननार? कान बगितला की बोलनं संपलं. च्या पितो आन् फुडल्या सालाला आनखी चार मेंढरं देतो."

"आणि एखाद्याने विश्वास नाही ठेवला तर?"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. हा प्रश्न कुणी विचारू शकतो हेच त्यांना नवीन होतं. "असं कुणी करत न्हाई, सर," ते म्हणाले.

आता लॅपटॉपचं. मी काही यंत्राच्या विरुद्ध असलेला मास्तर नाही. पण पहिले दोन महिने वर्गात जी जत्रा भरली ती भरलीच. कुणाचा चार्ज संपलेला, कुणी गेममध्ये गुंतलेला, एकाला रेंज आली तर बाकीच्यांची जात होती. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. नव्याचे नऊ दिवस सरले आणि हळूहळू पोरं कामाला लागली. चाचण्या त्यावरच व्हायच्या, गृहपाठ त्यावरच यायचा, आणि कुणाचं कुठे अडलं ते मला घरी बसून दिसायचं.

प्रतिभाला तर त्या लॅपटॉपने वाचा दिली. वर्गात ही मुलगी कधी बोललेली मला आठवत नाही. विचारलं तर उभी राहायची, ओढणीचं टोक पिरगाळायची आणि खाली बसायची. मी तिला मठ्ठ समजून चाललो होतो. आणि मग संध्याकाळी तिचे प्रश्न येऊ लागले. प्रकाश काचेत शिरला की हळू का होतो? काचेतून बाहेर पडला की परत आधीचा वेग त्याला कोण देतं? असा प्रश्न माझ्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. मला पुस्तक उघडावं लागलं. तिला फार्मसीला जायचं होतं. कुरकुंभला औषधं तयार होतात त्या कारखान्यात, पॅकिंगला नाही, तपासणीच्या प्रयोगशाळेत. हे तिने मला लिहूनच कळवलं. बोलून दाखवायला तिची जीभ कधीच धजली नसती.

आबा तो लॅपटॉप राखणीच्या कोकरासारखाच सांभाळत. जुन्या घोंगडीची पिशवी त्यांनी स्वतः शिवली. प्रतिभा अभ्यासाला बसली की शेजारी बसून राहत आणि मधूनच त्याच्या पोटाखाली तळहात घालून बघत. "गरम हाय," म्हणत समाधानाने. लॅपटॉप चालू असला की गरम होतो, यात नवल ते काय? पण आबांच्या हिशेबी गरम म्हणजे जिवंत. आणि महिन्याकाठी कधीतरी कॉलेजच्या फाटकाशी यायचे, मला बोलवायला सांगायचे आणि बाहेरूनच वर्दी द्यायचे, "सर, तुमचं जनावर खुशाल हाय." आमचा स्टाफ पोट धरून हसायचा. मीही हसायचो. दोन पिरियडच्या मधे असं काही ऐकायला मिळालं तर दिवस बरा जातो.

प्रतिभा बारावीत गेली. दसरा आला. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं प्रत्येक अवजार पुजतात. कोयता, कुऱ्हाड, खुरपं, शिवणाचं मशीन, मोटरसायकल. दौंडला रेल्वेत लोक इंजिनाला हार घालतात. पुढे काय झालं ते मला अनसाबाईंनी सांगितलं, डोळ्याला पदर लावून.

मायलेकी पहाटेपासून रानात झेंडू तोडत होत्या, दसऱ्याच्या बाजारासाठी. आबा एकटे घरी होते. त्यांनी अवजारं धुतली, पाटावर मांडली, काठी ठेवली, मेंढरांची लोकर कातरायची कातर ठेवली. मग त्यांना वाटलं, पोरीचं अवजार कुठलं? ते तर भिंतीपाशी चार्जिंगला लावलेलं. त्यांनी ते आणून पाटावर मधोमध मांडलं. आणि पूजा तोंडाची करायची, पाठीची नाही, म्हणून झाकण उघडलं. वर भंडारा उधळला, सढळ हाताने, लेकीच्या नावाने. नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं.

पडदा एकदा लखलखला आणि काळा झाला.

आबांनी झाकण मिटलं, पुन्हा उघडलं. हाक मारली म्हणे, "ए, ए," अशी, मेंढराला मारतात तशी. मग ते शेजारी बसून राहिले आणि पोटाखाली हात घालून बघत राहिले. आधी कोमट होतं. मग कमी होत गेलं. दुपार कलली तेव्हा गार पडलं. अंग गार पडलं म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन लेकरं त्याच्या हातांवरच गार पडली होती.

मायलेकी बाजारातून परतल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आबांनी नखाने स्टिकर अलगद सोलून काढला होता. लॅपटॉप घोंगडीच्या पिशवीत, पिशवी खताच्या गोणीत, आणि ती गोणी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघराशेजारी, जिथे ते आपली मेलेली कोकरं पुरत, तिथे बाभळीखाली पुरली होती. वर दगड ठेवला होता, भंडारा टाकला होता. प्रतिभाने ऐकलं आणि ती धावत तिकडे गेली. हाताने माती उकरू लागली. आबांनी तिचे दोन्ही हात धरले. "पुरलेलं उकरू न्हाई, बाय. पाप लागतं." ती म्हणत होती की आबा, ते मरत नसतं, ते दुरुस्त होतं, सरांना विचारा. आबा म्हणाले, "गार पडलं व्हतं गं. मी हात लावून बगितलं." मग ती बापाच्या हातावर डोकं टेकून रडली.

सुट्टी संपल्यावर आबा कॉलेजात आले. त्या दिवशी ते फाटकातून आत आले, थेट प्राचार्यांच्या खोलीत. सत्यजीत नेमका लॅपटॉपच्या तपासणीला आलेला होता. मीही तिथेच होतो. आबांनी पटक्याच्या टोकाला बांधलेली पुरचुंडी सोडली आणि तो स्टिकर टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी.

"मेलं," ते म्हणाले. "माज्या हातनं मेलं. ह्यो घ्या कान."

त्यांचा चेहरा दुःखी होता, पण त्यात भीती नव्हती. कर्तव्य केलेल्या माणसाचा चेहरा होता. आता कुणीतरी "असू द्या आबा" म्हणेल, चहा सांगेल आणि बोलणं संपेल, याची ते वाट बघत होते.

प्राचार्यांना काही उमगेना. मला मात्र लगेच उमगलं आणि मी सांगायला तोंड उघडलं. पण सत्यजीत घाईचा माणूस. त्याने स्टिकर उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "स्टिकर काढलाय? आणि लॅपटॉप कुठंय?"

"पुरला."

"पुरला?" सत्यजीत हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. मग गंभीर झाला. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेतला लॅपटॉप कुणीतरी स्टिकर काढून बाजारात विकला होता आणि वरिष्ठांनी त्याला फैलावर घेतलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस. "हे बघा काका," तो म्हणाला, "विकला असेल तर आत्ताच सांगा. आम्ही काही करणार नाही. पण खोटं बोलू नका."

आबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्या स्टिकरकडे, मग माझ्याकडे. मी ओरडलोच सत्यजीतवर. काय बोलतोस, कुणाशी बोलतोस, तुला काही अक्कल? प्राचार्य मला शांत करू लागले. या गडबडीत आबा काठी उचलून निघून गेले. मी बाहेर धावलो तेव्हा ते फाटकापार गेले होते. हाका मारल्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

त्या माणसाने आयुष्यभर पै-पाहुण्यांची, गावोगावच्या लोकांची मेंढरं राखली. दुष्काळात स्वतःची उपाशी ठेवून दुसऱ्याची आधी पाजली. त्याला टेबलाच्या पलीकडे बसून कुणीतरी विचारलं, विकलं का? आजही ते आठवलं की माझं रक्त तापतं.

आबा तिथून घरी गेलेच नाहीत. एसटी धरून थेट दौंडच्या पलीकडे, रंगुबाईच्या दारात गेले. आणि पोरगी दिली म्हणून शब्द देऊन आले. अनसाबाईंनी विचारलं, असं का केलं? ते म्हणाले, "गावात आज ना उद्या बोभाटा व्हईल, मल्हारीनं कंपनीचा माल इकला. चोराच्या पोरीला मग कोन करंल? बहीन तरी करती हाय तवर दिऊन टाकू." दोन वर्षं जे थोपवून धरलं ते त्या एका प्रश्नाने एका दुपारी सोडून दिलं.

प्रतिभा कॉलेजात यायची थांबली. चाचण्यांच्या यादीत तिच्या नावापुढे रोज कोरी जागा दिसायची. मी दिवाळीच्या आधी वस्तीवर गेलो, तर आबा मेंढरांमागे निघून गेले. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा तेच. प्रतिभा म्हणाली, "सर, ते तुमच्यावर रागावले न्हाईत. त्यांना तोंड दाखवू वाटत न्हाई."

शेवटी मी सत्यजीतला बरोबर घेऊन गेलो. तोही तोवर वरमला होता. कानाची गोष्ट मी त्याला वाटेत सांगितली. वस्तीवर आबा दारातच होते. या वेळी ते उठून गेले नाहीत. सत्यजीतला बघून कुदळ घेऊन सरळ बाभळीकडे चालू लागले.

"आबा, राहू द्या," मी म्हणालो.

"का? धड बगायला आल्यात न्हवं? बगू द्या की."

पुरलेलं उकरू नये म्हणणाऱ्या त्या माणसाने ते स्वतःच्या हाताने उकरलं. दगड बाजूला केला, माती काढली, गोणी झटकली, घोंगडीची पिशवी सोडली. लॅपटॉप कोरडा होता. कळांच्या फटींतून भंडारा तसाच पिवळा बसलेला. आबांनी तो सत्यजीतच्या हातात दिला. "मोजून घ्या," म्हणाले.

सत्यजीतला काय बोलावं सुचेना. न सुचलं की माणूस हाताला काम देतो. तो ओट्यावर बसला, फडक्याने लॅपटॉप पुसला, बॅगेतली चार्जरची वायर काढून जोडली, माऊस जोडला आणि बटण दाबलं. मला वाटलं, कशाला हा खेळ?

बाजूचा बारका दिवा लागला. थोड्या वेळाने पडदा उजळला.

"कळाच गेल्यात फक्त," सत्यजीत दोन-चार कळा दाबून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. "आत काही झालेलं नाही. कीबोर्ड बदलला की झालं."

त्याने माऊस हलवला. पडद्यावर प्रतिभाची प्रकाशाच्या धड्यावरची चाचणी उघडली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अर्धी सोडवून ठेवलेली. मधोमध चौकट आली: चाचणी पुढे सुरू ठेवायची? खाली हो आणि नाही. प्रतिभा दाराला धरून उभी होती. तिने वाचलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर वळवली आणि आत गेली.

आबा पुढे आले, वाकले. लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम हुतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "म्हंजी जितं व्हतं? सर, मी जितं पुरलं?"

ते ओट्याच्या कडेवर बसले. रडले नाहीत. हात मांडीवर उताणे टाकून बसून राहिले. मला वाटलं आता बोलावं, हीच वेळ. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि हात जोडले. खरंच जोडले. म्हणालो, आबा, पोरीला पुन्हा पाठवा. लॅपटॉप मी दुरुस्त करून देतो. लग्न मार्गशीर्षात आहे ते परीक्षेनंतर करा, तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. रंगुबाईंच्या पाया मी पडतो.

सत्यजीत म्हणाला, "काका, माझी चूक झाली. मी गावात सगळ्यांना सांगतो."

आबांनी दोघांचं ऐकून घेतलं. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "तुमी कान बगून मला मानलं न्हाई. म्हंजी तकडं कॉलेजात माजा शब्द गेला. बहिनीकडं अजून हाय. आता थितनं बी घालवू का, सर?"

ज्या इमानापायी तो माणूस स्टिकर घेऊन आला, त्याच इमानाने आता लेकीला बांधलं होतं. मी आत बघितलं. प्रतिभा चुलीपाशी बसली होती. "तू काही बोलणार आहेस का?" मी तिला विचारलं, थोडं चिडूनच. ती म्हणाली, "बोलले सर. आबांचा चेहरा बगितला आन् मग थांबले. आत्या परीक्षेला पाठवीन म्हनली हाय."

दिवाळीनंतर ती अठराची झाली आणि मार्गशीर्षात लग्न लागलं. मी गेलो होतो. आबांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मलाही. लॅपटॉपचं कुणी काही बोललं नाही. सत्यजीतने नवऱ्या मुलीला भेट म्हणून पेनांचा संच पाठवला होता. काय म्हणावं त्या पोराला! पण त्याला बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार?

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा झाली. फिजिक्सच्या पेपराला मी मुद्दाम केंद्राबाहेर उभा राहिलो. घंटा झाली, फाटक बंद झालं, तरी एसटी थांब्याकडे बघत राहिलो. नंतर कळलं, सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं आणि घरी करायला कुणी नव्हतं. खोटं नसेल. कारणं खरीच असतात. मी मोटरसायकल काढली आणि वाटेत थांबून रडलो. एवढा मोठा बाप्या माणूस, रस्त्याच्या कडेला गाडी लावून.

जूनमध्ये नवे विद्यार्थी आले. लॅपटॉप जुनेच, पुन्हा वाटायचे. प्रतिभाच्या लॅपटॉपला नवा कीबोर्ड बसला होता. आबांनी आणून दिलेला स्टिकर मी जपून ठेवला होता, तो जागच्या जागी चिकटवला. तो लॅपटॉप अकरावीतल्या मेहक नावाच्या मुलीच्या वाट्याला आला. पडद्याच्या बिजागरीत अजूनही जरा पिवळं दिसतं. तिने विचारलं, "सर, ये हल्दी है क्या?" मी म्हणालो, "राहू दे. चांगलं असतं."

काही दिवसांनी शिपाई सांगत आला, फाटकाशी कुणी म्हातारं उभं आहे. बघतो तर आबा. खूप वाळलेले. आत या म्हटलं तर मानेनेच नाही म्हणाले.

"ते कुनाला दिलं?"

मी सांगितलं. "बघायचंय?"

ते गजाला धरून तिथेच उभे राहिले. मी मेहकला लॅपटॉप घेऊन बोलावलं. ती चालू लॅपटॉप हातावर तोलत आली. आबांनी फाटकाच्या गजातून हात घातला आणि त्याच्या पोटाला लावला. मेहक गोंधळून माझ्याकडे बघत होती. आबांनी स्टिकरवरून बोट फिरवलं, हात मागे घेतला आणि मान हलवली. मी तिला वर्गात परत पाठवलं.

"प्रतिभा कशी आहे?" मी विचारलं.

"खुशाल हाय," आबा म्हणाले. नेहमीचाच शब्द, जो ते लॅपटॉपबद्दल सांगायचे. मग फाटकाच्या गजाला पुन्हा धरलं. "गेल्तो मागल्या आठवड्यात, दौंडच्या गाडीनं. समदं करती. सैपाक, रान, सासऱ्याचं दवापानी. हसती बी. मला च्या दिला." त्यांनी आपला तळहात बघितला. "निघताना तिचा हात धरला, सर. गार लागला."



आबांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी मंडपात, हे आमचं झालं का, असं विचारताना बघितलं होतं तसंच.

"गार पडलं म्हंजी मेलंच, असं नसतं न्हवं, सर?"

"न्हाई, आबा," मी म्हणालो. "न्हाई."

त्यांनी पटका सारखा केला, काठी घेतली आणि ते एसटी थांब्याकडे चालू लागले. वस्तीकडची वाट उलट्या बाजूला होती. ते दौंडच्या गाडीची वाट बघत उभे राहिले.